बिडाची पाटी

अण्णांनी फौंड्री मुलाच्या हाती सोपवली आणि त्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, की रोज दोन्ही वेळेला शे-दीडशे माणसांना जेवायला घालायचं तर काय काय लागेल.

मी त्यांच्या फौंड्रीत स्टोअर आणि खरेदी बघत होते. भंगार, वाळू, हातमोजे, कामगारांची दिवाळीची मिठाई, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. त्यामुळे प्रश्नाचं नवल वाटलं नाही. कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले. तांदूळ, तूरडाळ, जोंधळ्याचं पीठ, मोठी पातेली, गॅस, पाण्याची टाकी, ताटं धुवायची मोरी, भाकरीला बायका. अण्णा समोर बसून बघत होते. मी पान उलटणार तेवढ्यात म्हणाले, "सगळ्यात वर जागा लिहा, बाई. जागा हॉस्पिटलच्या समोरच पायजे. रस्ता ओलांडला की ताट."

कुठलं हॉस्पिटल ते विचारायची गरज नव्हती. आदल्या वर्षी वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बरेच दिवस होत्या. फौंड्रीत एका जागी पाव तास न बसणारा हा माणूस तिथल्या बाकावर दिवसच्या दिवस बसून राहिला. सह्यांचे कागद मी तिथंच घेऊन जायची. बाजूला पेशंटची माणसं बसलेली असायची. कुणी पन्हाळ्याच्या बाजूचं, कुणी चंदगडकडचं, कुणी शिरोळ भागातलं. चहात बुडवून खारी खायची, नाहीतर घरून आणलेली भाकरी वाळून कडक होईपर्यंत पुरवायची. वहिनी आतून विचारायच्या, की शेजारच्या कॉटवाल्या बाईची सून जेवलीय का. नसेल तर स्वतःचा डबा तिकडं पाठवायला लावायच्या. अण्णा तो डबा पोहोचवायचे. असं बरेच दिवस चाललं. वहिनी परत घरी आल्या नाहीत.

तेव्हा अन्नछत्र कशासाठी आणि कुणासाठी, हे अण्णांच्या डोक्यात पक्कं होतं. मला फक्त ते उभं करायचं होतं.

हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत टायरचं जुनं दुकान रिकामं होतं. ते घेतलं, भिंती धुतल्या, फरशी घासून घेतली, तरी रबराचा वास जायला बरेच दिवस लागले. भाकरीला मंगळवार पेठेतल्या माझ्याच गल्लीतल्या दोघी मिळाल्या. आचारी लग्नाकार्यातला होता, हाताला चव होती आणि तोंड बंद नव्हतं. अण्णांचं घर जैन, मूळचं कुरुंदवाडजवळचं. त्यामुळे सुरुवातीला कांदा, लसूण, बटाटा काही नव्हतं. आचारी म्हणाला, कोल्हापुरात बिनकांद्याची आमटी म्हणजे बिनपाण्याचा रंकाळा. अण्णा हसले, पण नियम बदलला नाही.

मग पाटी. बाकी सगळ्या वस्तू मी आणल्या, पण पाटीला अण्णांनी मला हात लावू दिला नाही. ती त्यांनी स्वतःच्या फौंड्रीत ओतून घेतली. पॅटर्नवाल्याकडून सागवानाची अक्षरं कोरून घेतली, साचा भरताना स्वतः उभे राहिले. मुलाच्या हाती कारभार दिल्यापासून ते भट्टीकडे फिरकले नव्हते, पण त्या दिवसांत पुन्हा शर्टाच्या बाह्या वर गेल्या. पहिल्या पाटीत वहिनींच्या नावातल्या एका अक्षरावर हवेचा फुगा धरला. अण्णांनी बोट फिरवलं आणि पाटी परत भट्टीत घालायला सांगितली. दुसरीची कड त्यांना पटली नाही. गिऱ्हाइकाच्या मालाला त्यांनी इतकी कडक तपासणी लावली असेल असं मला आठवत नाही. शेवटी जी पाटी पास झाली ती अख्ख्या बिडाची, ओतीव लोखंडाची होती आणि ती भिंतीवर चढवायला चार गडी लागले. वर 'कै.', मग वहिनींचं नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ अन्नछत्र'. तिच्या वर वहिनींचा मोठा फोटो, फोटोला चंदनाची माळ. दारातून आत पाऊल टाकलं की समोर तेच दिसायचं. मी माझ्या यादीत 'पाटी' या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

पहिल्या दिवशी नारळ फोडला, पुढारी कुणी बोलावला नाही. गर्दी चांगली झाली. रिक्षावाले आले, जवळच्या कॉलेजची पोरं आली, औषधं विकणारे बॅगवाले आले, वॉचमन आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अण्णा दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि पंगत उठली की मला विचारायचे, "वरचं कोण आलतं?"

वरचं म्हणजे वॉर्डातलं, पेशंटचं. वरचं जवळजवळ कुणी येत नव्हतं. दारापर्यंत यायचे. आत बघायचे. "जेवायला बसा की," म्हटलं की एकमेकांकडे बघायचे आणि "झालंय आमचं," म्हणून परत फिरायचे. थोड्या वेळानं तीच माणसं हॉस्पिटलच्या कट्ट्यावर वडापावचा कागद उलगडताना दिसायची.

माझ्या पद्धतीनं मी कारणं शोधायला लागले. आधी चव. फौंड्रीच्या कँटीनचा अनुभव होता, तिखट कमी पडलं तर माणूस ताट ढकलतो. मी अण्णांना सांगितलं, कांदा-लसूण मसाला आणावा लागेल. माझ्या मनात धाकधूक होती, कारण हे त्यांच्या घराच्या आचाराविरुद्ध होतं.

"आमच्यात चालत न्हाय," अण्णा म्हणाले. "पर जेवणार ते हाईत की."

त्या दिवसापासून आमटीला लाल तर्री आली. रिक्षावाले खूश झाले. वरचं कुणी आलं नाही.

मग वेळ. भेटायची वेळ आणि जेवणाची वेळ एकत्र येत होती, म्हणून जेवण अलीकडे-पलीकडे सरकवून बघितलं. मग वॉर्डांच्या जिन्यात चिठ्ठ्या लावल्या, परवानगी घेऊन. मग मी स्वतः वर जाऊन लोकांना बोलावलं. माणसं माझ्याशी फार गोड बोलायची. घरातनं डबा येणार आहे म्हणायची. चंदगडच्या पलीकडून आलेल्या माणसाला घरातनं डबा कुठून येणार, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं की मला कळतंय. हॉटेलात मिसळ गार आली तर अख्खं टेबल डोक्यावर घेणारी आमची माणसं एवढ्या हळू आवाजात नाही म्हणतात, म्हणजे काहीतरी ते बोलायचं टाळतायत. इतकं माझ्या लक्षात आलं होतं. काय टाळतायत ते आलं नव्हतं.

अण्णा दिवसेंदिवस खुर्चीत खाली सरकायला लागले. मुलानं त्यांना सुचवलं, की हे बंद करा, त्यापेक्षा हॉस्पिटलला एखादं मशीन द्या, त्यावर आईचं नाव राहील, कायमचं. मुलगा काही वाईट बोलला नव्हता. पण अण्णांना ते लागलं, कारण त्यात तथ्य होतं. एका दुपारी रिकाम्या पाटांकडे बघत ते मला म्हणाले, "वरची माणसं येणार नसतील तर ह्या महिन्यानंतर मला हे चालवायचं न्हाय, बाई. रिक्षावाल्यांची खानावळ काढायला मी बसलो न्हाय. तिला कट्ट्यावरच्या माणसांची काळजी होती."

त्याच आठवड्यात आमच्या जुन्या मिस्त्रीची बायको त्याच हॉस्पिटलात दाखल झाली. मिस्त्री म्हणजे भट्टीचा मिस्त्री. निवृत्त होईपर्यंत लोखंडाचा रंग बघून ओतायचं की थांबायचं ते तो सांगायचा. त्याच्या बायकोच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली होती, अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. बातमी कळल्यावर अण्णा स्वतः वर गेले आणि मिस्त्रीचा दंड धरून त्याला खाली घेऊन आले. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण होती, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातली. तिच्या घरी म्हशी होत्या आणि आवाज पलीकडच्या डोंगरावरच्या म्हशीला ऐकू जाईल असा होता. ती मात्र दारातच थांबली.

अण्णांनी मिस्त्रीला बसवलं. स्वतः एप्रन बांधला आणि स्वतःच्या हातानं त्याला वाढलं. भात, आमटी, भाकरी, भाजी, लोणचं. मिस्त्री ताटाकडे बघत बसला. हात मांडीवर. अण्णा लोणच्याचं भांडं घेऊन त्याच्यापुढे उभे.

काही वर्षांपूर्वी कामगारांचा संप झाला होता आणि मिस्त्री युनियनच्या बाजूनं उभा राहिला होता. अण्णांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना तेच आठवलं असावं.

"अजून राग हाय व्हय माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीनं मान हलवली. वर बघितलं नाही.

"मग खा की."

मिस्त्रीनं पाण्याचा तांब्या उचलून दोन घोट घेतले आणि ठेवला. तेव्हा दारातून बहिणीचा आवाज आला. अण्णांना ती ओळखत नव्हती. अंगावर एप्रन आणि हातात लोणचं, म्हणजे वाढपी असणार, अशी तिची समजूत झाली होती.

"पावणं, त्येला आग्रह करू नगासा."

"का? जेवण बरं न्हाय काय?"

"जेवणाला काय झालंय? वास पार जिन्यापतूर येतोय. सकाळधरनं माझ्या पोटात काय न्हाय."

"मग तुम्ही पण या की आत. बसा."

"कसं बसू? माळ घातलेल्या फोटूम्होरं जेवायचं, आणि हात धुऊन वर जायचं? तिथं आमची भावजय नाकात नळ्या घालून पडलीया."

मिस्त्री म्हणाला, "आक्का, गप बस."

"गप काय? समदी वर ह्येच बोलत्यात. तोंडावर कोण सांगंना, म्हणून मी सांगतोय. आत आलं की तेराव्याच्या जेवणाला आल्यागत वाटतंय. दवाखान्याच्या दारात असली पाटी लावायची अक्कल कुणाची म्हणायची?"

मी पुढे झाले होते, तिला थांबवावं म्हणून. पण अण्णांनी लोणच्याचं भांडं खाली ठेवलं आणि ते मधे उभे राहिले.

"माझी बायको हाय ती," म्हणाले. "ह्याच हॉस्पिटलात गेली."

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. पदर डोक्यावर नीट केला. आता ती माफी मागेल, पाया पडेल, असं मला वाटलं. मिस्त्रीला तर धरणी ठाव देईना. पण ती बोलली तेव्हा तिचा तो आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"मग तुम्हास्नी तर कळाय पायजे की, पावणं. तुमची मालकीण वर असताना तुमच्याम्होरं कुणी असलं ताट आणलं असतं, तर तुम्ही खाल्लं असतंसा?"

मिस्त्री उठला, ताटाला नमस्कार केला आणि बहिणीला घेऊन वर गेला.

अण्णांना हे का सुचलं नाही, याचा मी नंतर विचार केला. त्यांच्यात, जैनांमध्ये, तेरावं नाही, श्राद्ध नाही, मेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेल्या ताटाची भीती नाही. गेलेल्याच्या नावानं दान करणं हे त्यांच्या समाजात चांगल्यात चांगलं काम. धर्मशाळेच्या, वसतिगृहाच्या, मंदिराच्या भिंतीवर अशा नावांच्या फरश्या त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. आणि मी? माझ्या घरी पितृपंधरवड्याचं पान वेगळं काढतात. तरी मला ते दिसलं नाही, कारण मी त्या फोटोकडे बघायची तेव्हा मला वहिनी दिसायच्या, संक्रांतीला फौंड्रीतल्या प्रत्येक बाईच्या हातावर तिळगूळ ठेवणाऱ्या. आत येणाऱ्या अनोळखी माणसाला तिथं वहिनी दिसत नव्हत्या. त्याला एक मेलेली बाई दिसत होती, आणि त्याचं स्वतःचं माणूस वर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी सोपे उपाय करून बघितले. चंदनाची माळ काढली. पण पाटीवरचा 'कै.' बिडात ओतलेला, तो कसा काढणार? आचारी म्हणाला, वर कॅलेंडर टांगू. पाटी एवढी मोठी, की चार कॅलेंडरं लागली असती. मग मी घरून जुना पडदा आणून पाटीवर टाकला. दुपारी जेवायला आलेल्या रिक्षावाल्यांनी चौकशी सुरू केली, कोणता मंत्री येणार आहे आणि उद्घाटन किती वाजता. एकानं तर हार कुठून आणायचा तेही विचारलं. मी पडदा काढून टाकला.

संध्याकाळी मी अण्णांना सरळ सांगितलं, की पाटी आणि फोटो काढावा लागेल. आत स्वयंपाकघरात लावू, भांड्यांच्या मांडणीच्या वर, तिथं कुणी येत नाही.

"भांडी घासायच्या मोरीवर लावू तिला?" अण्णा म्हणाले.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"बाई, मी कुरुंदवाडातनं कोल्हापुरात शिकायला आलो तवा बोर्डिंगात राहिलो. जेवणाच्या खोलीत भिंतीवर नाव हुतं, कुणा एका आजीचं. तिच्या पोरानं दिलतं. मी त्या आजीला कधी बघितलं न्हाय, पर ताटावर बसताना रोज तिचं नाव वाचायचो. आज पण तोंडपाठ हाय मला. मी तिचं अन्न खाऊन मोठा झालो. हिचं नाव तसं कुणीतरी वाचावं, एवढंच हाय माझं. दुसरं काय मागतोय मी?"

"बोर्डिंगात कुणाचं माणूस आजारी नव्हतं, अण्णा."

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर बरेच दिवस आले नाहीत.

पाटी काढायला मला कुणाची आडकाठी नव्हती. चार गडी बोलावले असते तर तासात काम झालं असतं. पण ती पाटी मी आणलेली नव्हती, ती काढणं माझ्या कामात बसत नव्हतं. मुलाचा फोन आला, बंद करायचं का म्हणून. मी म्हटलं, अण्णा सांगतील तेव्हा. मधल्या दिवसांत मी एवढंच केलं, की मिस्त्री आणि त्याच्या बहिणीसाठी साधा स्टीलचा डबा भरून वर पाठवला. वरती अन्नछत्राचं नाव न घेता, माझ्या घरचा म्हणून. दुसऱ्या दिवशी बहिणीनं डबा घासून परत दिला आणि विचारलं, समोरच्या खाटेच्या म्हातारीच्या लेकीलाही एक डबा मिळंल का. मी दिला. मग आणखी एक.

एका सकाळी अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट प्रश्न.

"वरचं कोण आलतं?"

"कोण नाही, अण्णा. पण डबे वर गेलते. सगळे रिकामे खाली आले."

मग त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरीच्या बायका पीठ मळत होत्या तेव्हा अण्णांची गाडी गल्लीत आली. डिकीतून त्यांनी पान्यांची पेटी काढली आणि तेलाचा डबा. सरळ आत गेले, स्टुलावर चढले आणि आधी फोटो उतरवला. तो पदराखाली मूल घेतात तसा छातीशी धरून गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून आले. मग बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेनात. लावताना त्यांनीच उभं राहून ते आवळून घेतले होते, पाटी कधी खाली येऊ नये म्हणून.

मी वर निरोप पाठवला. मिस्त्री खाली आला. दारात थबकला, भिंतीकडे बघितलं आणि चपला काढून आत आला. त्यानं बोल्टवर तेल सोडलं, थोडा वेळ थांबला आणि पाना अण्णांच्या हातातून घेतला.

"ह्यो साचा कुणी भरला, अण्णा?" त्यानं विचारलं.

"का?"

"मागची बाजू पण साफ हाय. मागं कोण बघतंय, म्हणून पोरं सोडून देत्यात."

"मी हुबा हुतो."

"मग बराबर हाय," मिस्त्री म्हणाला.

पाटी उतरवायला ते दोघं, आचारी आणि गल्लीतले दोन रिक्षावाले लागले. डिकीत ठेवली तशी गाडी मागून बसली. अण्णा पाटीवर कापड टाकून आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. चार भोकं आणि पाटीच्या मापाचा पांढरा चौकोन. मी आधीच पांढरं सिमेंट मागवून ठेवलं होतं. दारावर दुसरं नाव काय लिहायचं, असं विचारलं. ते म्हणाले, "जेवण तयार आहे, एवढं लिहा."

त्या दिवशी दुपारी पहिली आली ती मिस्त्रीची बहीण. आत आली, चारी भिंतींवर नजर टाकली, मांडी घालून बसली आणि वाढायच्या आधीच भाकरी मागितली. जेवली आणि तोंड पुसत अण्णांना म्हणाली, "पावणं, त्या दिवशी मी लई बोललो."

"खरं बोललासा," अण्णा म्हणाले.

"खरं हुतं म्हणूनच बोललो. पर लई बोललो."

मग ती हॉस्पिटलच्या फाटकात जाऊन उभी राहिली आणि वरच्या गॅलरीकडे तोंड करून हाका मारल्या. अशी जाहिरात मला कोणत्याही चिठ्ठीनं जमली नसती. त्या आठवड्यात वरची माणसं यायला लागली, एक-दोन करत, मग गटानं. ताट हातात घेऊन जिन्याकडे बघत घाईघाईनं जेवायची. मिस्त्रीची बायको पुढे घरी गेली, एक बाजू अजून मंद चालते, पण घरी गेली. मुलानं बंद करायचं पुन्हा काढलं नाही. त्यानंच नंतर मोठा कुकर आणून दिला.

एका गोष्टीला मात्र माझ्याकडे उपाय नव्हता. पाटी गेल्यावर जागेला लोकांनीच नाव दिलं. हॉस्पिटलचे वॉचमन नव्या माणसाला सांगायचे, "अण्णांकडं जावा, रस्त्यापलीकडं." नर्सही तेच सांगायच्या. अण्णांची खानावळ. अण्णांचा याच्यावर फार संताप व्हायचा. मला म्हणायचे, "माझं कुठं हाय हे? माझ्या नावानं कशाला?" पण ते कुणाला दुरुस्त करू शकत नव्हते. हे माझं नाही, हे तिचं आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, ती कुठं आहे, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं द्यायचं नव्हतं.

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. कुरुंदवाडच्या बाजूची एक वयस्कर बाई जेवायला बसली होती. सून वर होती, बाळंतपणात अडचण झाली होती. अण्णा नेहमीसारखे आमटी वाढत होते, तर्रीची नव्हे, हल्ली रोज वेगळ्या बादलीत करून घेतलेली बिनकांद्याची. त्यांचं बोलणं ऐकून तिनं ओळखलं, की हे आपल्याच भागातले. मग कुठल्या गावचे, कुठल्या गल्लीतले, अशी चौकशी झाली. भातावर आमटी कालवून तिनं घास घेतला आणि थांबली.

"आमटी आपल्याकडची हाय की ओ. आचाऱ्याला कुणी शिकवली?"

"आमच्या घरात अशीच करत्यात," अण्णा म्हणाले.

"वैनींच्या हातची व्हय? बऱ्या हाईत नव्हं वैनी?"

मी पाठीमागे ताटं मोजत होते. मोजणं थांबवलं. अण्णांच्या हातात वगराळं होतं. ते त्यांनी परत बादलीत बुडवलं, ढवळलं, खालची डाळ वर आणली.

"बऱ्या हाईत," म्हणाले. "घरात असत्यात."

"आणा की एकदा हिकडं. त्यांच्याच हातनं वाढू देत."

"आणू की," अण्णा म्हणाले, आणि तिच्या भातावर आणखी आमटी ओतली. "खावा सावकाश. सून बरी हुईल."

ती जेवून उठली आणि जिन्याकडे गेली. अण्णा मागच्या मोरीपाशी आले, हात धुतले, एप्रनला पुसले. मग बादलीकडे बोट केलं.

"आचाऱ्याला सांगा, उद्याच्याला गूळ जरा कमी घाल म्हणावं. ती एवढा गूळ घालत न्हाय."

मी वही काढली आणि उद्याच्या कामांत लिहून घेतलं.